मुक्काम कुठे, कर कुठे

(बालाघाट येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुरुवातीलाच एक विनंती करते. ज्यांचा मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ किंवा पुतण्या आज देशाबाहेर राहतो, त्यांनी जरा हात वर करावा. पाहा, किती हात वर आले! आपली मुलं आधी शिकायला नागपूरला जातात, मग नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला, आणि तिथून दुबई, दोहा, टोरांटो, डॅलस. घर मात्र इथेच राहतं. वारासिवनीकडची धानाची शेती इथे, वडिलांनी घेतलेला प्लॉट इथे, बँकेतली मुदत ठेव इथे, आणि त्या सगळ्याची काळजी वाहणारे तुम्ही इथे. मुलगा परदेशी गेला की त्याचे कागद तुमच्या कपाटात येतात. म्हणून हा विषय जितका त्याचा, तितकाच तुमचा आहे.

गणितापासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं. कारण परदेशात राहणाऱ्यांच्या आयकराचा विषय मुळात दिवस मोजण्याचा आहे. माणूस कुठल्या देशाचा नागरिक आहे, हा प्रश्न फार पुढे येतो. कायदा आधी विचारतो, की गेल्या १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत तुमचे किती दिवस भारतात गेले?

बालाघाटच्या लोकांना हे समजावून सांगायला वेळ लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी दोन्हीकडे, बोली दोन्हीकडे तीच, पण सातबारा वेगळा आणि खसरा वेगळा, कचेरी वेगळी आणि कायदेही वेगळे. राज्याने तुमची भाषा विचारली नाही, तुमचा मुक्काम विचारला. आयकरही तेच करतो.

आता पहिला मोठा मुद्दा. एखाद्याच्या मिळकतीवर कर लावायचा हक्क कोणाचा? जगभर याची दोन उत्तरं आहेत. पैसा ज्या मातीत निर्माण झाला, त्या मातीच्या सरकारचा हक्क, हे पहिलं. पैसा कमावणारा जिथे राहतो, जिथले रस्ते, शाळा, पोलीस, दवाखाने वापरतो, त्या देशाचा हक्क, हे दुसरं. पहिला उगमाचा हक्क, दुसरा रहिवासाचा. परदेशी राहणाऱ्यांच्या कराची सगळी गुंतागुंत या दोन हक्कांच्या भांडणातून येते.

हे भांडण तुमच्या भरवेलीच्या खाणीने फार आधी पाहिलेलं आहे. १८९६ साली इथल्या मॅंगनीजसाठी सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली, पुढे तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी झाली. कंपनी ब्रिटिश, नोंदणी तिकडची, भागधारक तिकडचे. खाणीत उतरणारा माणूस इथला, खनिज इथलं, आणि लाभांश समुद्रापार. १९६२ मध्ये भारत सरकारने करार करून तिची मालमत्ता घेतली, मॉइल ही नवी कंपनी स्थापन झाली. ५१ टक्के भांडवल केंद्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचं, उरलेलं ४९ टक्के जुन्या कंपनीचं. तेही १९७७ मध्ये सरकारकडे आलं. दादाभाई नौरोजी ज्या संपत्तीच्या ओघाबद्दल आयुष्यभर बोलत राहिले, त्याचं एक टोक आपल्या पायांखाली होतं. म्हणून उगमाचा हक्क हा पुस्तकी सिद्धांत आहे असं निदान बालाघाटमध्ये तरी कोणी म्हणू नये. ज्या भूमीतून पैसा निघतो तिला वाटा मागण्याचा अधिकार आहे. एवढं मान्य केलं, की आपल्याच मुलाने डॅलसला बसून बालाघाटचं घरभाडं घेतलं तर त्यावर भारत कर का मागतो, हा प्रश्न उरत नाही.

भारतात आधुनिक आयकर १८६० साली जेम्स विल्सनने आणला, १८५७ नंतरची तिजोरी भरायला. पण रहिवासी, अनिवासी आणि या दोहोंमधला एक तिसरा, अशी नीट वर्गवारी १९३९ च्या दुरुस्तीने झाली. १९६१ च्या कायद्यात ती सहाव्या कलमात बसली. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यातही रहिवासाचं कलम सहावंच आहे, आणि ‘मागील वर्ष’, ‘करनिर्धारण वर्ष’ ही जुनी जोडी जाऊन एकच ‘करवर्ष’ आलं आहे. माप मात्र तेच राहिलं.

ते माप असं. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात असाल, तर तुम्ही रहिवासी. नसाल, पण ६० दिवस किंवा अधिक असाल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल, तरीही रहिवासी. या दुसऱ्या नियमाला दोन महत्त्वाच्या सवलती आहेत. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० च्या जागी १८२ दिवस. परदेशी राहून सुटीवर येणाऱ्या भारतीय नागरिकाला किंवा भारतीय वंशाच्या माणसालाही १८२ दिवस, पण त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवस.

रहिवासी ठरलात, तर जगात कुठेही कमावलेला पैसा भारतात करपात्र. अनिवासी ठरलात, तर फक्त भारतात उगवलेला किंवा भारतात मिळालेला.

ऐकायला सोपं वाटतं. मग लोक अडकतात कुठे? तारखांत अडकतात. एक उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, हिशेब खरा आहे.

समजा कटंगीचा एक अभियंता दोन वर्षांपूर्वी दुबईला गेला. आता कंपनीचं काम संपलं, तो कायमचा परत येतो आहे. २५ जानेवारीला आला, तर ३१ मार्चपर्यंत त्याचे दिवस किती? जानेवारीचे ७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१. झाले ६६. साठ ओलांडले. आधीच्या चार वर्षांतली दोन तो इथेच होता, म्हणजे ३६५ ही ओलांडले. आणि कायमचा परतलाय म्हणून सुटीची सवलत त्याला नाही. तो त्या वर्षी पूर्ण रहिवासी झाला. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत दुबईत कमावलेला पगार भारतात करपात्र झाला. तो पगार २० लाख धरा. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दराने, प्रमाणित वजावट धरून, सेससह साधारण १ लाख ९२ हजार रुपये कर.

तोच माणूस १ फेब्रुवारीला आला असता तर? २८ आणि ३१, दिवस झाले ५९. तो अनिवासी, आणि दुबईचा पगार भारताच्या हिशेबात आलाच नसता.

एका आठवड्याचा फरक आणि १ लाख ९२ हजार रुपये. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यातून वाट काढता येऊ शकते. पण त्यासाठी तिथल्या सरकारचं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या करारात एका कॅलेंडर वर्षात तिथे १८३ दिवस असण्याची अट आहे. कागद जमवा, प्रश्नांना उत्तरं द्या, वर्ष-दोन वर्ष चिंता करा. हे सगळं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर पाहिलं असतं तर टळलं असतं.

जातानाही तसंच. १ एप्रिलपासून मोजत गेलात तर २८ सप्टेंबरला १८१ वा दिवस येतो. नोकरीसाठी त्या दिवसापर्यंत निघालेला अनिवासी होऊ शकतो, २९ सप्टेंबरला निघालेला रहिवासी राहतो. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरायचा की नाही यावर न्यायाधिकरणांत वेगवेगळी मतं झाली आहेत. माझा सल्ला, दोन्ही दिवस धरूनच गणित करा. सीमेवर गाडी लावायचीच कशाला?

आणि शिकायला जाणाऱ्या मुलांचं? ‘नोकरीसाठी’ची सवलत विद्यार्थ्याला मिळत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये गेलेला विद्यार्थी त्या वर्षी बहुतेक वेळा रहिवासीच राहतो. त्याचं तिकडे उत्पन्न नसतं, त्यामुळे बिघडत काही नाही. पण त्याच वर्षी मार्चअखेरच्या आधी त्याला तिथे पगार सुरू झाला, तर तो विवरणपत्रात दाखवावा लागतो.

मुक्काम स्वतःच्या इच्छेचा नसला तर? हा प्रश्न २०२० साली हजारो घरांनी विचारला. विमानं बंद, सुटीवर आलेला मुलगा अडकून पडला. ८ मे २०२० ला प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून २२ मार्च ते ३१ मार्च २०२० या काळातला अडकलेला मुक्काम २०१९-२० च्या मोजणीतून वगळला. पुढच्या वर्षासाठी मात्र सरसकट सवलत दिली नाही, दुहेरी कर बसला असेल तर अर्ज करा असं ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं. सरकारने इथे हात आखडता घेतला असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस महामारीने अडकला, तर त्याचे दिवस त्याच्या खात्यावर टाकणं न्याय्य नव्हे.

२०२० ची आणखी एक गोष्ट. त्या वर्षी १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात प्रस्ताव आला, की जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात कर भरायला बांधील नाही, त्याला भारताचा रहिवासी मानायचं. हेतू समजण्यासारखा होता. काही श्रीमंत मंडळी प्रत्येक देशात थोडे थोडे दिवस राहून कुठेच कर भरत नव्हती. पण आखाती देशांत व्यक्तिगत आयकरच नाही. मग वेल्डर, नर्स, चालक, फोरमन, सगळेच या जाळ्यात येणार का? केरळात एकच खळबळ उडाली, आपल्या कोकणात रत्नागिरीकडच्या घरांतही. दुसऱ्याच दिवशी खुलासा झाला की प्रामाणिकपणे तिथे काम करणाऱ्यांच्या पगाराला हात लावायचा नाही. शेवटी कायद्यात १५ लाखांची मर्यादा आली, भारतातलं उत्पन्न त्याहून जास्त असेल तरच हा नियम. आणि असा माणूस तिसऱ्या, मधल्या वर्गात मोडतो, म्हणजे त्याचा परदेशी पगार तरीही सुटतो. आजही कोणी तुम्हाला सांगत असेल की ‘दुबईच्या पगारावर आता भारतात कर लागतो’, तर त्याला १५ लाखांचं आणि मधल्या वर्गाचं हे कलम आधी वाचायला सांगा. अफवेने घाबरून लोक खाती बंद करतात, पैसे भलत्याच नावावर ठेवतात, आणि खऱ्या अडचणी तिथून सुरू होतात.

हा मधला वर्ग म्हणजे काय? कायद्याच्या भाषेत ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला’. सीए मंडळी आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं जो अनिवासी होता, किंवा आधीच्या सात वर्षांत जो ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात होता, तो या वर्गात. त्याच्या परदेशातल्या व्याजावर, भाड्यावर, पगारावर भारत कर लावत नाही. भारतातून चालवलेल्या धंद्याचा परदेशी नफा मात्र करपात्र. बारा-पंधरा वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला हा दर्जा साधारण दोन वर्षं मिळतो, दिवस नीट जुळले तर कधी तीन. परतणाऱ्या माणसाला तिकडचं घर विकायला, निवृत्तीचे पैसे हलवायला कायद्याने दिलेला हा श्वास आहे. तो वाया घालवू नये. कारण तो संपला की परदेशातली प्रत्येक मालमत्ता, प्रत्येक खातं विवरणपत्राच्या वेगळ्या तक्त्यात दाखवावं लागतं, भले त्यात उत्पन्न शून्य असो. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने न दाखवल्यास दहा लाख रुपये दंड ठेवला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, ही दिलाशाची गोष्ट. ज्या माणसाने दुबईतलं जुनं पगाराचं खातं बंद करायचं राहून गेलं म्हणून सोडून दिलं, त्याला चोर ठरवण्यात काहीच अर्थ नव्हता.

आणि लपेल या भरवशावर कोणी राहू नये. बँकेत खातं उघडताना तुम्ही सगळ्यांनी एका कागदावर सही केली आहे, ‘आपण कोणत्या देशाचे कर-रहिवासी आहात?’ बहुतेकांनी न वाचता केली. अमेरिकेशी भारताचा माहिती देवाणघेवाणीचा करार ९ जुलै २०१५ ला झाला, इतर अनेक देशांशी २०१७ पासून माहिती आपोआप जाऊ-येऊ लागली. तिकडच्या बँकेतली शिल्लक इकडच्या आयकर खात्याला कळते, इकडची तिकडे.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक गल्लत दूर करते. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, आणि आयकराचा कायदा, दोघांची रहिवासाची व्याख्या वेगळी आहे. आयकर दिवस मोजतो, फेमा दिवसांबरोबर हेतूही पाहतो. एनआरई खात्यावरचं, म्हणजे अनिवासीने परदेशी कमाई ठेवायच्या खात्यावरचं, व्याज करमुक्त आहे, पण ते फेमाच्या नजरेतून अनिवासी असेपर्यंतच. कायमचा परत आलेला माणूस आयकरात अजून मधल्या वर्गात असू शकतो आणि त्याच वेळी त्याच्या एनआरई खात्याचं व्याज करपात्र झालेलं असू शकतं. एनआरओ खात्याच्या, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या मिळकतीच्या खात्याच्या, व्याजावर तर पहिल्यापासूनच ३० टक्के टीडीएस आहे, वर सेस. मुलगा बाहेर गेला की त्याचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमाला धरून नाही, ते एनआरओ करावं लागतं. किती घरांत हे केलेलं असतं? आणि ज्या घरात केलेलं नाही, तिथे परत आल्यावर बँक पहिला प्रश्न तोच विचारते.

शेतीचं लवकर सांगते, कारण तिथे बातमी चांगली आहे. भारतातलं शेती-उत्पन्न अनिवासीलाही करमुक्त आहे, फक्त इतर उत्पन्न असेल तर दर ठरवताना ते हिशेबात धरतात. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बांधावरचा वाटा वारसाने टोरांटोतल्या मुलाकडे आला, तरी तो ठेवू शकतो. नवी शेतजमीन मात्र अनिवासीला विकत घेता येत नाही.

आता मी त्या मुद्द्याकडे येते ज्यासाठी मला आज इथे बोलायचं होतं. अनिवासी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातला बंगला येतो. पण अनिवासी म्हणजे मस्कतमधली नर्सही आहे, जुबैलमधला फिटरही आहे. त्यांचं इथलं उत्पन्न काय? जुन्या घराचं भाडं, आई-वडिलांनी ठेवलेल्या ठेवींचं व्याज.

समजा एका नर्सचं भारतातलं करपात्र उत्पन्न ६ लाख आहे. तिच्या शेजारणीचंही ६ लाखच आहे, ती मात्र इथेच राहते. २०२५-२६ च्या नव्या दरांनी पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या २ लाखांवर ५ टक्के, म्हणजे १० हजार, सेससह १० हजार ४००. शेजारणीला रहिवासी म्हणून रिबेट, म्हणजे करात सूट, मिळतो, तिचा कर शून्य. नर्सला रिबेट नाही. तिने १० हजार ४०० भरायचे. दोघींचं उत्पन्न १२ लाख असतं तर? शेजारीण तेव्हाही शून्य, आणि नर्स ६२ हजार ४००.

कोणत्या न्यायाने? उत्पन्न तेच, माती तीच, भाडेकरू कदाचित एकाच रस्त्यावरचे. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. अनिवासीला भाडं देणाऱ्या भाडेकरूने प्रत्येक महिन्याला ३० टक्के आणि सेस कापून सरकारकडे भरायचा असतो, भाडं कितीही लहान असो. बालाघाटच्या किती भाडेकरूंना हे ठाऊक आहे? ते कापत नाहीत, मग नोटीस भाडेकरूला येते. कापलं, तर त्या नर्सने विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहायची. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून घेता येतं, पण त्याची पायपीट कोण करणार? मस्कतमधली मुलगी की इथली तिची सत्तरीतली आई?

घर विकतानाचा फरक तर याहून बोचरा. वडील गेले. घर दोन भावांच्या नावावर आलं, एक इथे, एक टोरांटोला. प्रत्येकाच्या वाट्याची किंमत २००१ साली ४ लाख होती असं धरा, २०२५-२६ मध्ये विक्री २० लाखांना झाली. इथल्या भावाला कायदा दोन पर्याय देतो. महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के, ज्यात कर कमी ते. निर्देशांक १०० वरून ३७६ झाला, म्हणून त्याची किंमत ४ लाखांची १५ लाख ४ हजार होते, नफा उरतो ४ लाख ९६ हजार, त्यावर २० टक्के, ९९ हजार २००. टोरांटोच्या भावाला ही निवड नाही. त्याचा नफा १६ लाख, १२.५ टक्क्यांनी कर २ लाख. सेस दोघांनाही वेगळा. एकाच बापाची दोन मुलं, एकाच भिंतीचे दोन भाग, आणि कर दुप्पट. महागाई टोरांटोच्या भावाच्या अर्ध्या घरावर आलीच नव्हती का?

शिवाय त्या भावाच्या वाट्यावर खरेदीदाराने कर कापायचा असतो, आणि तो सर्वसाधारणपणे नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर कापला जातो. खरेदीदाराने कापला नाही, तर तो स्वतः देणेकरी ठरतो. म्हणून घर घेताना विकणारा अनिवासी आहे का, हे दस्त होण्याआधी विचारा. हे विचारण्यात संकोच नको.

रहिवासाप्रमाणे कर बदलतो, हे मी मान्य करते. जगाच्या उत्पन्नावर कर कोणाला आणि फक्त इथल्या उत्पन्नावर कोणाला, यासाठी ती वर्गवारी लागतेच. पण इथल्याच लहान उत्पन्नावर, इथल्याच घराच्या नफ्यावर, नुसत्या दूर राहण्याची किंमत वसूल करणं मला पटत नाही. जगभरचं उत्पन्न आपण पाहत नाही, म्हणून सवलत देत नाही, असं सरकारचं समर्थन असू शकतं. मग ज्याने जगभरचं उत्पन्न स्वखुशीने जाहीर केलं आणि ते मर्यादेत निघालं, त्याला तरी रिबेट द्या. परकीय चलन पाठवणाऱ्यांचे आभार मानणारी भाषणं आपण दरवर्षी ऐकतो. त्या आभारातला थोडा भाग कलमांत उतरावा, ही मागणी आपल्या खासदारांपर्यंत पोचवायला बालाघाट, गोंदिया, भंडारा यांनी एकत्र यावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा मुद्दा इथे बसलेल्या आई-वडिलांसाठी, विशेषतः ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी. आतापर्यंत आपण मुलांचा मुक्काम मोजला. तुमचा कोण मोजतं? अमेरिका मोजते.

नातवंडं लहान आहेत, म्हणून तुम्ही दर वर्षी जाता. पर्यटक व्हिसावर, सहा महिन्यांच्या आत परत. तुम्हाला वाटतं, आपण पाहुणे. अमेरिकेच्या करकायद्यात मात्र एक तीन वर्षांची मोजणी आहे. या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, त्याच्या आधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली, आणि या वर्षी निदान ३१ दिवस तिथे असाल, तर तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी. सलग तीन वर्षं १८० दिवस राहिलात तर १८० अधिक ६० अधिक ३०, झाले २७०. दर वर्षी फक्त १२२ दिवस राहिलात तरी बेरीज १८३ भरते. म्हणजे चार महिनेसुद्धा सीमेवरच. आणि त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या मार्चशी त्याचा संबंध नाही.

रहिवासी झालात म्हणजे काय? तुमचं बालाघाटचं पेन्शन, इथल्या ठेवीचं व्याज, सगळं अमेरिकेच्या विवरणपत्रात. आणि इथल्या बँक खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ लाख रुपये, तर त्या खात्यांची वेगळी माहिती. निवृत्तीचे पैसे ठेवलेल्या कुठल्या आजोबांच्या खात्यात इतके नसतात?

घाबरू नका, वाट आहे. चालू वर्षात तिथे १८३ दिवसांपेक्षा कमी असाल, आणि तुमचं घर, कुटुंब, व्यवहार यांचा खरा संबंध भारताशीच आहे हे दाखवता येत असेल, तर फॉर्म ८८४० भरून तुम्ही अनिवासी राहू शकता. तिथे पगार नसेल तर त्याची मुदत पुढच्या वर्षी १५ जून. दोन्ही देशांतल्या करारातही तुमचं कायमचं घर कुठे, जिव्हाळ्याचे संबंध कुठे, हे पाहून निवाडा करण्याची तरतूद आहे.

ग्रीन कार्ड घेतलेल्यांना मात्र ही पहिली वाट बंद आहे. मुलाने हौसेने आई-वडिलांचं ग्रीन कार्ड करून दिलं, मंडळी वर्षातून एकदा जाऊन येतात आणि उरलेलं वर्ष बालाघाटला राहतात. कार्ड परत करेपर्यंत अमेरिकेच्या लेखी ते तिथले कर-रहिवासी आहेत, दिवस कितीही असोत. कार्ड घेण्याआधी मुलाने हा हिशेब तुम्हाला सांगितला होता का? नसेल, तर त्याला विचारा. आणि ज्यांनी कार्ड घेतलेलं नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर पासपोर्ट काढावा, गेल्या तीन वर्षांचे दिवस मी सांगितलं तसे कागदावर मांडावेत, आणि बेरीज १८३ किंवा अधिक झाली असेल तर पुढचं तिकीट काढण्याआधी मुलाला फोन करावा.